माळ्यावरची अनोळखी अवजारे : त्यांची ओळख कशी पटवावी?

बीड जिल्ह्यातील बहुतेक जुन्या शेतकरी घरांत माळ्यावर, गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा कणगीमागे काही लोखंडी व लाकडी वस्तू पडून असतात. घरातील वडीलधारी माणसे हयात असेतो त्या वस्तूंची नावे व उपयोग सर्वांना ठाऊक असतात. पुढे नावे लोपतात आणि वस्तू तेवढ्या उरतात. "हे कशाचे?" असे लहान मुलाने विचारले, की "जुने काहीतरी आहे" एवढेच उत्तर मिळते. या उत्तरानंतर त्या वस्तूचा मार्ग ठरून जातो. लोखंड भंगाराच्या काट्यावर जाते आणि लाकूड चुलीत.

या जिल्ह्यात ही गोष्ट अधिक वेगाने घडते, याचे कारण येथील जीवनक्रमात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपेपर्यंत घराला कुलूप असते. निघण्यापूर्वी घर आवरताना नको असलेली वस्तू किलोवर विकली जाते. ज्या व्यवसायासाठी हे कुटुंब बाहेर पडते, त्या व्यवसायाने मात्र एका हत्याराचे नाव चांगलेच जपले आहे. ऊसतोडणीत 'एक कोयता' म्हणजे केवळ ऊस तोडण्याचे पाते नव्हे. पती-पत्नीच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात व मुकादमाकडून मिळणारी उचलही कोयत्याच्या हिशेबाने ठरते. एकटा मजूर अर्धा कोयता होय. कोयत्याचे नाव असे हिशेबात टिकले. चाडे, सामता, हातरेचा यांची नावे टिकवणारा असा व्यवहार आज उरलेला नाही.

वेळही थोडा उरला आहे. विहिरीवरील मोटा डिझेल इंजिने व विजेचे पंप आल्यावर गेल्या शतकाच्या उत्तरार्धात बंद पडत गेल्या. १९७० साली पंधरा वर्षांचा असलेला आणि वडिलांबरोबर मोट हाकलेला मुलगा आज सत्तरीच्या घरात आहे. मोटेचा प्रत्येक भाग हातात घेऊन त्याचे नाव सांगू शकणारी ही शेवटची पिढी होय. तिच्या हयातीत वस्तू व नाव यांची गाठ घालून ठेवली नाही, तर पुढे ती घालणे फार कठीण जाईल.

प्रथम काय करू नये

अनोळखी अवजार सापडले, की ते घासून चकचकीत करण्याचा मोह होतो. तो टाळावा. अवजाराची ओळख त्याच्या झिजेत असते आणि कानस, रेतीकागद किंवा सहाण लावताच ती झीज पुसली जाते. त्यावर रंग देऊ नये, नवा दांडा बसवू नये व धार लावू नये. सुटी माती कोरड्या कुंचल्याने झाडावी. भोकांत अडकलेली चिंधी, दोरीचा तुकडा, धान्याचा दाणा किंवा वाळलेले चामडे काढून फेकू नये, कारण पुष्कळदा तोच सर्वांत मोठा पुरावा असतो.

झिजेवरून उपयोग ओळखणे ही केवळ गावठी युक्ती नव्हे, ती शास्त्रमान्य पद्धत आहे. रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई सेम्योनोव यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अश्मयुगीन हत्यारांच्या धारेवरील सूक्ष्म ओरखडे व चकाकी तपासून त्यांचे उपयोग ठरविण्याची रीत मांडली. गवत व धान्याची ताटे कापलेल्या दगडी पात्यावर विशिष्ट चकाकी चढते. दगडाला जो नियम लागू, तोच थोड्या फरकाने खुरप्याला व विळ्यालाही लागू आहे.

पाहावयाच्या खुणा

अवजार हाती आल्यावर पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे धार. मातीत चालणारे पाते कडेला बोथट व गुळगुळीत होते आणि त्यावरील ओरखडे चालीच्या दिशेने एकमेकांस समांतर असतात. लाकडावर चालणारे पाते एका बाजूने उतरते तासलेले असते. चामड्यावर चालणारी रापी रुंद व पातळ पात्याची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे डोके. ज्या हत्यारावर घाव घातले गेले, त्याचे डोके पसरट होऊन कडेने फुलते. छिन्नी व पाचर यांवर ही खूण हमखास आढळते. डोके जसेच्या तसे असेल, तर ते हत्यार हाताच्या दाबाने चालत असावे.

तिसरी गोष्ट म्हणजे दांड्याची जागा. दांडा पात्याच्या रेषेतच असेल, तर अवजार कुऱ्हाडीप्रमाणे तोडणारे. पाते दांड्याला आडवे असेल, तर ते वाकसाप्रमाणे तासणारे किंवा कुदळीप्रमाणे खणणारे असते. वाकस व लहान कुदळ यांत घोटाळा झाल्यास धार पाहावी. वाकसाची धार तीक्ष्ण व नीट राखलेली असते, तर कुदळीची मातीने गोल झालेली असते.

चौथी गोष्ट म्हणजे दोरीच्या खुणा. लाकडावर दोरी वर्षानुवर्षे फिरली, की गुळगुळीत खाच पडते. खाच एकाच बाजूला असेल, तर दोरी तेथे ताणून बांधलेली होती. सभोवार असेल, तर तो भाग स्वतःभोवती फिरत होता.

पाचवी गोष्ट म्हणजे सापडण्याचे ठिकाण व सोबतच्या वस्तू. एकटी वस्तू मुकी असते. तिच्याबरोबरचा खिळा, नळी किंवा कडी तिला बोलते करते. म्हणून माळा रिकामा करताना एका जागी सापडलेल्या वस्तू एकत्रच ठेवाव्यात.

काही नेहमीची कोडी

भोके असलेले लाकडी वाडगे. टणक लाकूड कोरून केलेले, तळाशी दोन, तीन किंवा चार भोके असलेले वाडगे पाहून अनेकांस ती चाळणी किंवा देवघरातील वस्तू वाटते. वस्तुतः ते तिफणीचे चाडे होय. भोके सरळ खाली न जाता बाहेरच्या बाजूस तिरपी गेलेली असतात, कारण प्रत्येक भोकात बसविलेली पोकळ नळी वेगवेगळ्या फणाकडे जाते. आतली कड पेरणाऱ्याच्या मुठीने गुळगुळीत झालेली असते. दोन भोके असतील तर दुफण, तीन असतील तर तिफण व चार असतील तर चौफण. पेरणीस आरंभ करणे यास 'चाड्यावर मूठ धरणे' असेच म्हणतात. बियाणे किती दाट पडावे, हे सर्वस्वी त्या मुठीवर अवलंबून असे. या साध्या दिसणाऱ्या वस्तूचा मान मोठा आहे. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल यांचे पेरणी यंत्र १७०१ च्या सुमाराचे मानले जाते. दक्षिण भारतातील पाभरीचे काम पाहून कॅप्टन हालकट या इंग्रज अधिकाऱ्याने १७९५ साली तिचे सविस्तर वर्णन आपल्या देशी कळविले होते. ओळीने पेरण्याची कला युरोपातच निघाली, हा समज त्यामुळे टिकण्यासारखा नव्हता.

तोंड रुंद असलेली एकच नळी. वाडगे नाही, फक्त वर पेल्यासारखे तोंड असलेली पोकळ नळी व तिला दोरी बांधण्याची खाच, अशी वस्तू सापडल्यास ती मोघण असण्याचा संभव आहे. काही भागांत तिला सरते म्हणतात. चाड्याच्या एका भोकात चिंधीचा बोळा कोंबून तो फण मोकळा ठेवीत आणि त्याच्या मागे ही नळी दोरीने बांधीत. मागून चालणारी व्यक्ती, बहुधा घरातील स्त्री, तीतून तुरीसारखे दुसरे बियाणे सोडी. प्रत्येक फेरीत तीनपैकी एक फण असा मोकळा ठेवला, की दोन ओळी बाजरी व एक ओळ तूर हे प्रमाण आपोआप साधते. भोकात अडकलेली चिंधी का फेकू नये, हे यावरून ध्यानात येईल. पावसाने दगा दिला तरी दोन पिकांपैकी एक हाती लागावे, हा बालाघाटातील हलक्या जमिनीवरील शेतकऱ्याचा हिशेब त्या बोळ्यात आहे.

तीन प्रकारचे दांडे. हातभर लांबीचा गोल दांडा सापडला व त्यावर दोरीची सभोवार झीज असली, तर तीन शक्यता तपासाव्यात. खालच्या टोकाला पाकळ्या किंवा खाचा पाडलेला गोळा असेल, तर ती ताक घुसळण्याची रवी. टोकाला लोखंडी पाते बसविण्याची चौकोनी खाच असेल, तर तो सुताराचा सामता, म्हणजे दोरीने फिरवून भोक पाडण्याचे साधन होय. सामत्याचे वरचे टोक हाताखालच्या टोपणात फिरून निमुळते व काळपट झालेले असते. दांडा लाकडी नसून बारीक लोखंडी व दोन्ही टोकांस निमुळता असेल, तर ती सूत काढण्याची चाती असावी. तिन्हींचे काम फिरण्याचेच. परंतु एक स्वयंपाकघरातले, दुसरे सुताराच्या कामठ्यावरचे व तिसरे चरख्याचे.

मोठे लोखंडी कडे. वीतभराहून अधिक व्यासाचे कडे दिसले, की ते बैलगाडीच्या चाकाचे असावे असे मानले जाते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु चाकाच्या तुंब्यावरील कडे पट्टीचे व चपटे असते आणि त्याची आतली बाजू लाकडाला घट्ट बसल्याने एकसारखी असते. कडे गोल गजाचे असेल, त्यास आडवे गज किंवा कान असतील व ठराविक अंतरावर वादीने घासलेल्या जागा दिसत असतील, तर ते मोटेच्या तोंडाचे कडे होय. चामड्याची मोट वादीने त्यावर आवळीत. त्यास जाड नाडा लागे व मोटेच्या सोंडेला बारीक सोंदूर. घरात असे कडे असेल, तर त्या घराच्या विहिरीवर थारोळे व धाव यांच्या खुणाही शोधाव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या अजून दिसतात.

मळसूत्री टोकाचा गज. एका टोकाला मळसूत्रासारखे तिरपे दात असलेला लोखंडी गज किंवा लाकडी लाट, हा हातरेच्याचा सुटा भाग असू शकतो. हातरेच्यात दोन लाटा परस्परविरुद्ध दिशेने फिरतात व हे दात एकमेकांत गुंतून दोन्हींना एकाच वेळी फिरवितात. कापूस त्यांच्या फटीतून ओढला जातो, रुई पलीकडे पडते व सरकी अलीकडे राहते. सरकी वेगळी काढणाऱ्या गिरण्या आल्यावर हे साधन मागे पडले.

शिक्क्याची भांडी. एकाच घडणीची, लहानमोठी, कडेवर शिक्का असलेली लोखंडी, लाकडी किंवा पितळी भांडी ही धान्याची मापे होत. त्यांची ओळख धान्य भरूनच पटवावी. दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर व चार शेर म्हणजे एक पायली, असा क्रम आहे. एक भांडे दुसऱ्यात बरोबर दोनदा रिते होत असेल, तर ती एकाच मालिकेतील आहेत असे समजावे. शेराचे प्रमाण प्रांतागणिक व बाजारागणिक बदलत असे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तेव्हा येथील माप पुण्याच्या मापाशी जुळले नाही तर ते खोटे ठरवू नये. १९५६ च्या वजनमापे कायद्यानंतर दशमान पद्धती आली व ही मापे व्यवहारातून गेली.

लांब मुठींची जड पकड. दोन लांब मुठी, आखूड बोथट जबडे व जबडे पूर्ण मिटल्यावरही मध्ये किंचित फट, अशी पकड पत्रा कापण्याची समजून वापरली जाते. ते बर्डिझो नावाचे पशुवैद्यकीय उपकरण होय. कातडी न फाडता बैलाचे खच्चीकरण करण्यासाठी ते इटलीत तयार झाले. जबड्याची धार हेतुतः बोथट असते. त्याने तार किंवा पत्रा कापल्यास धार खराब होते व असे उपकरण पुढे जनावरास वापरल्यास त्यास व्यर्थ इजा होते. ते पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. त्याचा वापर पशुवैद्यकाचेच काम आहे.

आर लावलेली काठी. लांब काठीच्या एका टोकाला अणकुचीदार आर व काही वेळा दुसऱ्या टोकाला चपटे पाते असते. ही पराणी होय. चपटे पाते वखराच्या पासेस चिकटलेली ओली माती व कचरा खरडण्यासाठी असे. संग्रह म्हणून पराणी जरूर ठेवावी. परंतु आर जनावरास टोचू नये. ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी अणकुचीदार काठीने जनावरे हाकण्यास मनाई केली आहे.

नाव कसे शोधावे

उपयोग कळला तरी नाव वेगळे शोधावे लागते आणि ते गावागावांत बदलते. त्यासाठी पहिला आधार म्हणजे गावातील वृद्ध सुतार, लोहार, चर्मकार व शेतकरी स्त्रिया. "हे काय आहे?" असे एकदम विचारण्यापेक्षा वस्तू त्यांच्या हाती द्यावी. हात तिला कसे धरतात, हे पाहावे. अनेकदा तोंडाला नाव आठवण्यापूर्वी मुठीला पकड आठवते. दोन निरनिराळ्या व्यक्तींना स्वतंत्रपणे विचारावे आणि दोघांचे उत्तर जुळल्यास ते बरोबर मानावे. खुरपणी, वेचणी, निवडणी ही कामे बहुतांशी स्त्रियांच्या हातची असल्याने त्या अवजारांविषयी पुरुषांना विचारून थांबू नये.

दुसरा आधार ग्रंथांचा. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम निघाला व त्याची वाढविलेली आवृत्ती १८५७ साली आली. त्यात शेतीच्या, मोटेच्या व बलुतेदारांच्या हत्यारांची पुष्कळ नावे अर्थासह दिली आहेत. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात गावातील कारू-नारूंचे व्यवहार वर्णिले आहेत. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तूंचा मोठा संग्रह असून तुलनेसाठी तो उपयोगी पडतो. शेतीच्या अवजारांविषयी परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, तसेच जिल्ह्यातील अंबाजोगाई व खामगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे यांच्याशी संपर्क साधता येतो.

ओळख पटविताना एक सावधगिरी बाळगावी. प्रत्येक गंजलेले पाते शिवकालीन शस्त्र नसते व प्रत्येक जड कडे किल्ल्याच्या दाराचे नसते. लोखंड आपल्या हवेत लवकर गंजते, तेव्हा गंजावरून वय ठरविता येत नाही. सरळसाधे उत्तर आधी तपासावे. ते बसले नाही, तरच दूरचे शोधावे.

कायदा व नोंद

घरातील माळ्यावरची वस्तू घरच्यांचीच असते. जमिनीत पुरलेली सापडली, तर गोष्ट वेगळी. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या व कारागिरीच्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतात व त्या परदेशी पाठविण्यास मनाई आहे. नांगरताना असे काही लागल्यास जागा अधिक न उकरता तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयास कळवावे.

प्रत्येक ओळख पटलेल्या वस्तूस पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्याने बांधावी. खिळा मारू नये व डिंकाने कागद चिकटवू नये. चिठ्ठीवर गावातील नाव, उपयोग, लांबी-रुंदी व वजन, कोठे सापडली, कोणत्या पिकासाठी किंवा कामासाठी वापरीत, आणि कोणत्या साली वापर थांबला, एवढ्या गोष्टी लिहाव्यात. शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. सांगणाऱ्या वृद्ध व्यक्तीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्यास नावाचा खरा उच्चारही राहतो. लाकडी वस्तू कोरड्या, हवेशीर जागी व जमिनीपासून उंच ठेवाव्यात, म्हणजे वाळवीपासून बचाव होतो.

हे काम शाळेतील मुलांकडून करून घेतल्यास अधिक चांगले. उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऊसतोडणीहून कुटुंबे परतलेली असताना, आजी-आजोबा व नातवंडे एका छपराखाली असतात आणि मृगाच्या पेरणीस अवकाश असतो. गावातील प्रत्येक घराने आपल्या माळ्यावरील पाच वस्तू शाळेच्या ओसरीवर आणून मांडल्या व त्यांची नोंद एका वहीत केली, तर गावाच्या शेतीचा शंभर वर्षांचा इतिहास एका दिवसात हाती येईल.

यात केवळ जुन्याची हौस नाही. या अवजारांत येथील जमिनीचे, पावसाचे व पिकांच्या जोडीचे अनुभवसिद्ध ज्ञान साठलेले आहे. दोन-चार एकर कोरडवाहू शेती असलेल्या व ट्रॅक्टरचे भाडे न परवडणाऱ्या शेतकऱ्याला तीन भोकांचे चाडे व एक मोघण आजही आंतरपीक घेण्यास पुरेशी आहे; मात्र ती वस्तू काय आहे, हे त्यास ठाऊक असले पाहिजे. भंगाराच्या काट्यावर तिचे वजन होते, किंमत होत नाही. म्हणून माळ्यावरची अनोळखी वस्तू विकण्यापूर्वी ती एकदा घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या हाती द्यावी व तिचे नाव लिहून घ्यावे.